काय सापडलं तुह्यापाशी?

परत आले त्या आठवड्यात भेटेल त्याने मला एकच प्रश्न विचारला. भाजीच्या गाडीपाशी, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, सगळीकडे तोच. "काय सापडलं वं तुह्यापाशी?" काहीतरी सापडलंच असणार, त्याशिवाय साठी उलटलेल्या बाईला कोणी विमानतळावरून परत पाठवतं का! मी म्हणायचे, काही नाही सापडलं. मग समोरची डोळे बारीक करून मान हलवायची. म्हणजे हिला सांगायचं नाही, एवढं तिला कळलं. एकीने तर आवाज खाली आणून विचारलं, "सोनं होतं काय?" माझ्याजवळ मंगळसूत्र आणि दोन बांगड्यांच्या वर सोनं असतं तर मी आधी स्वयंपाकघराचा ओटा बदलला असता.

अजूनही कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदा नीट लिहून काढते. यापुढे कोणी विचारलं तर हे कागद हातात देईन आणि भाजी घ्यायला मोकळी होईन.

माझं माहेर भातकुलीकडचं, सासर अकोल्याचं, आणि संसार सगळा अमरावतीत झाला. हे वकील, मी शाळेत मराठी शिकवायचे. आम्हाला मुलगी एकच. लग्न झालं आणि ती जावयांबरोबर परदेशी गेली. कुठल्या देशात ते लिहीत नाही. तिथे माझा फोन वाचणारी माणसं आहेत, उद्या हेही वाचतील.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं. याला कोणी नियम म्हणत नाही, तसंच असतं. पण तिचा रक्तदाब वाढला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानात बसायची बंदी केली. पोर माहेरी येऊ शकत नाही तर माहेराने पोरीकडे जायचं. माहेर म्हणजे मी. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तेव्हा नणंद अकोल्याहून येऊन भावाजवळ राहणार, असं ठरलं.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. पोरीच्या घरचं आयतं खायचं नाही, असं आमच्या घरात होतं. माझे वडील मला भेटायला यायचे तेव्हा भाकर घरून बांधून आणायचे. मी फारच गळ घातली तर दोन घास खायचे, पण आधी काहीतरी काम करून. खाटेची निवार ओढून दे, माठाखालची वीट सारखी कर, परसातलं गवत काढ. जावयाला लाजल्यासारखं व्हायचं, मला हसू यायचं. पण हसले तरी ते रक्तात उतरायचं थांबलं नाही. मुलीकडे सहा महिने राहायचं, तर मी तिच्या घरात पाहुणी म्हणून बसणार नव्हते, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तयारीला महिना लागला. नणंदेने डिंकाचे लाडू केले. बाळंतशेपा, ओवा, बाळगुटीची मुळं वेगवेगळ्या पुड्यांत बांधली. एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरलं. आणि एक गोधडी शिवली, जुन्या सुती लुगड्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. बारीक टाका, सरळ रेषेत. नणंदेचा टाका सगळ्या नात्यात नावाजलेला आहे आणि ते तिला चांगलं ठाऊक आहे.

या सगळ्या महिन्यांत मुलगी मला लिहायची. फोनवर बोलायची ते वेगळं. बोलताना आजूबाजूला जावई असायचे, इकडे हे असायचे. खरं ती लिहायची. मी पहाटे उठले की आधी तिचं वाचायचे, मग चहा टाकायचे. एकदा तिनं लिहिलं, "आई, मले भेव वाटते. पोटात लात मारते ते कळते, पन मले काईच वाटून नाई राहिलं त्याच्यासाठी. मी वाईट आहो का?" मी चहा न टाकता तिला उत्तर लिहिलं. तिच्या वेळी मलाही तसंच झालं होतं, हे लिहिलं. हे मी जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही. आईलाही नाही. तिला सांगितलं, कारण तिला त्याची गरज होती. तिचं उत्तर आलं, "मंग तू लवकर ये." एवढंच.

नागपूरहून निघाले, मधे एकदा विमान बदललं आणि पोचले. मुलगी आणि जावई बाहेर दाराशी उभे होते. तिचे दिवस भरत आले होते तरी ती आली होती. तसा तिचा निरोप विमान उतरल्या उतरल्या मला मिळाला होता.

काउंटरवर एक तरुण पोरगा होता, आमच्या शाळेतल्या नव्या शिक्षकाएवढा. गोड बोलायचा. कशासाठी आलात? मुलीचं बाळंतपण. किती दिवस? सहा महिने. सहा महिने तुम्ही इथं काय करणार?

आता हा प्रश्न आमच्याकडच्या कुठल्याही आईला विचारून पाहा. मी काय उत्तर देणार? बसून टीव्ही पाहीन, असं? मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत त्याला सगळं सांगितलं. बाळाला तेल लावीन, न्हाऊ घालीन, शेक देईन. मुलीला चाळीस दिवस पाण्यात हात घालू देणार नाही. स्वयंपाक माझ्याकडे, कपडे माझ्याकडे, बाळाचं जागरण माझ्याकडे. तो सगळं टाइप करत होता. त्याने विचारलं, दुसरी कोणी मदतीला ठेवणार आहेत का? मी म्हटलं, कशाला, मी आहे ना! तो हसला. मीही हसले. मला वाटलं, याच्याही घरी आई असेल.

त्याने माझा पासपोर्ट बाजूला ठेवला आणि एका बाईबरोबर मला आतल्या खोलीत पाठवलं. म्हातारी बाई म्हणून रांगेतून सोडवलं, असं मला वाटलं. मी त्याला थँक्यूसुद्धा म्हटलं.

आत हातमोजे घातलेली एक अधिकारी बाई होती. तिने माझी बॅग टेबलावर उपडी केली. लाडू एकेक करून फोडले. एक फोडून बघायचा, दुसरा वास घ्यायला, इथवर मी समजून घेतलं असतं. तिने सगळा डबा फोडला. बाळगुटीच्या प्रत्येक मुळावर कागदाची पट्टी घासून यंत्रात घातली. काजळाच्या डबीत काडी खुपसली. मग गोधडी हातात घेतली, दाबून पाहिली आणि लहानशा पात्याने तिची कड उसवली.

"आत काय आहे?"

"साडी," मी म्हटलं.

"आणि त्याच्या आत?"

"साडी."

तिने दुसरी कड उसवली. आत साडीच होती.

मग यंत्र माझ्या अंगावरून फिरवलं. ते पदरापाशी वाजलं, कमरेपाशी वाजलं. आमच्या बायकांच्या अंगावर पिना किती असतात ते मी काय सांगू! पदराला एक, निऱ्यांना एक, बांगडीत दोन जास्तीच्या, असू द्याव्या म्हणून. मी काढून टेबलावर ठेवल्या. ती म्हणाली, निऱ्या सोडा. मला वाटलं, मला नीट कळलं नाही. तिने हाताने दाखवलं. मी निऱ्या सोडल्या. अंगावर परकर आणि पोलकं, हात वर करून मी उभी राहिले आणि त्या बाईने मला सगळीकडून चाचपलं. तिने काही वाईट केलं असं नाही. ती आपलं काम करत होती, जसा कोणी पोत्यातला कापूस दाबून बघतो. काही सापडलं नाही. साडी परत नेसायला आरसा नव्हता. निऱ्या वाकड्याच बसल्या आणि पुढे सगळा वेळ मी त्या हाताने धरून होते.

नंतर तो गोड बोलणारा पोरगा आत आला आणि म्हणाला, फोन उघडून द्या.

मी म्हटलं, कशासाठी? त्यात माझं घर आहे.

तो म्हणाला, तुमची मर्जी आहे. नाही उघडला तर आम्ही फोन ठेवून घेऊ आणि तुम्हाला परत पाठवू.

याला मर्जी म्हणतात! बाहेर पोर नवव्या महिन्याचं पोट घेऊन उभी आहे आणि मला मर्जी विचारतात. मी म्हटलं, आधी मला मुलीला एक फोन करू द्या, ती काळजीत असेल. नाही म्हणाला. मी म्हटलं, वकिलाला विचारते, माझे मिस्टरच वकील आहेत. त्यावरही नाही. मी विचारलं, तुमच्या देशात माणसाला एवढाही हक्क नाही का? तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं की तुम्ही अजून आमच्या देशात आलेल्याच नाहीत. ठप्पा बसेपर्यंत तुम्ही आत नाही.

"मग मी आहे कुठं?" मी विचारलं.

त्याने फोनसाठी हात पुढे केला. मी फोन उघडून दिला.

फोनमधलं मराठी त्यांना वाचता येईना, म्हणून त्यांनी कुठूनतरी एक दुभाष्या फोनवर घेतला. त्याचा आवाज स्पीकरवर. मराठी माणूस, पुण्याकडचा असावा, वयाने ह्यांच्याएवढा वाटला. ते निरोपांचे फोटो काढून त्याला पाठवत होते आणि तो इंग्रजी करून सांगत होता. आधी आमच्या बायकांच्या ग्रुपवरचं वाचलं. लोणच्याची कृती, कोणाची हळद, कोणाच्या सुनेची चुगली. माझ्या पायाला झालेल्या गळवाचा फोटो. ह्यांच्या गुडघ्याच्या टाक्यांचा फोटो. खोलीत तीन माणसं होती आणि तिघंही बघत होती.

मग मुलीचं लिहिणं आलं.

दुभाष्या मधेच थांबला. मराठीत हळूच म्हणाला, "बाई, हे... हे पण वाचू का?" मी म्हटलं, "नका वाचू हो." पोरग्याने टेबलावर बोट वाजवलं, काय बोलताय ते इंग्रजीत बोला. त्याने वाचलं. मले भेव वाटते. मले काईच वाटून नाई राहिलं. आणि मग माझं उत्तरही वाचलं, सगळं. एवढी वर्षं ज्या माणसाबरोबर मी एका ताटात जेवले त्याला माहीत नसलेली गोष्ट एका परक्या खोलीत, परक्या भाषेत, स्पीकरवर ऐकू आली. मला रडू आलं नाही. मला त्या टेबलाचा पाय उपटून कोणाच्या तरी टाळक्यात घालावासा वाटला. मी निऱ्या धरून बसले.

निकाल असा झाला. मुलीने एका ठिकाणी लिहिलं होतं की तू आलीस की आम्हाला बाळासाठी बाई ठेवावी लागणार नाही. माझं स्वतःचं सांगणं तर त्याने टाइप करून ठेवलेलंच होतं. म्हणजे मी इथं काम करायला आले आहे, आणि पाहुण्यांच्या व्हिसावर काम करता येत नाही. मी म्हटलं, अहो, मी आई आहे, आईला कोणी पगार देतं का? तो म्हणाला, पगाराचा प्रश्न नाही, इथल्या कोणाला तरी ज्या कामाचे पैसे मिळाले असते ते तुम्ही करणार आहात. त्याचं म्हणणं त्याच्या कायद्यात बसतही असेल. माझ्या डोक्यात ते आजवर बसलेलं नाही.

पुढच्या विमानात बसवलं. मुलगी काचेच्या पलीकडे होती. मला ती दिसली नाही.

घरी आले तर हे काठी टेकत दारात उभे. मी सगळं सांगितलं, तेवढं एक सोडून. ह्यांची सगळी वकिली पंचनाम्यावर चाललेली. पंचांनी सही घटनास्थळी न करता चहाच्या टपरीवर केली, एवढ्या मुद्द्यावर ह्यांनी माणसं सोडवली आहेत. ह्यांनी मला सरळ उलटतपासणीला घेतलं.

"पंच कोन होते?"

"पंच नव्हते."

"झडतीचा पंचनामा? त्याची नक्कल देल्ली?"

"नाही."

"कोन्त्या कलमाखाली झडती घेतली, हे तरी सांगतलं?"

"मी त्यांच्या देशात नव्हतेच, असं म्हणाले."

हे खुर्चीत बसले. काठी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आपल्याकडे चोरालेही दोन पंच भेटतात." मग त्यांनी त्या सरकारला तक्रार लिहिली. उत्तर फार सभ्य आलं. अधिकाऱ्याचा तो अधिकार आहे, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. गैरसोय! ह्यांनी ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं.

नणंदेने आधी गोधडीच्या उसवलेल्या कडा पाहिल्या आणि त्या अधिकारी बाईच्या खानदानाचा उद्धार केला. मग मोर्चा माझ्याकडे वळला.

"तू काहून सांगतलं वं एवढं? फिराले आली म्हनावं, पोरगी पाहीन आन् वापस जाईन म्हनावं. तुले शाळेत शिकवाची सवय, बोलतच राह्यते!"

"काय चुकीचं सांगतलं मी?"

"काम करीन म्हनलं ना तू! बसून खाईन म्हनली असती तं सोडलं असतं तुले."

"बसून खाईन म्हनू? पोरीच्या घरी? तुमी म्हनल्या असत्या?"

ती सुईत दोरा ओवायला लागली. तिनेही म्हटलं नसतं.

पण बाकी सगळ्यांनी मला शिकवलं. ज्याला त्याला उपाय माहीत. पुढच्या वेळी दुसरा फोन ने, कोरा. सगळं पुसून टाक. लाडू नेऊ नको. साडी नको, पंजाबी घाल. कमी बोल. खोटं बोल. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशालाच उपदेश की भगवे कपडे घालत जाऊ नको! त्या खोलीतल्या माणसांनी काही शिकावं, असं एकानेही म्हटलं नाही. पुढच्या वेळेचं तर विचारूच नका. अर्ज केला की पहिला प्रश्न असतो, तुम्हाला कधी परत पाठवलं होतं का? हो म्हटलं की संपलं.

मुलीला मुलगी झाली. फोनवर बघितली. लालबुंद, मुठी वळलेली, जावळ भरपूर. घरात पेढे आले, मी देवापुढे ठेवले, सगळ्यांना वाटले. पण त्या दिवशी विमानतळावरच्या खोलीत काय वाचलं गेलं, ते मुलीला ठाऊक होतं. मी परतीच्या वाटेवर असताना तिनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "त्यायनं मलेही विचारलं, आई." काय विचारलं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फोनवर विचारणार तरी कसं?

त्यानंतर तिचं लिहिणं बदललं. "बाळ छान. मी छान. आज वजन केलं. छान आहे." फोटो यायचे, भरपूर यायचे. मी विचारायचे, झोप होते का? होते. जेवतेस का? जेवते. मन कसं आहे? छान. माझ्या मुलीच्या बोलण्यात छान हा शब्द कधी नव्हता. बरं हाय, म्हणायची ती. आता ते कोणीतरी तपासून पुढे पाठवल्यासारखं शुद्ध मराठी यायचं. आणि मीसुद्धा शहाणी झाले. काही लिहायचं आणि पाठवायच्या आधी पुसायचं. मला डोकं दुखतं, एवढं लिहितानाही वाटायचं, याचा कोणी काय अर्थ काढील? पहाटे उठले की आता मी आधी चहा टाकते.

गेल्या दिवाळीनंतर ती बाळाला घेऊन आली. दारात पाय ठेवल्याबरोबर तिने बाळ माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी मी पाणी तापवलं, तेल काढलं, पाट मांडला. पण पाय पसरून पायावर घ्यावं, असं बाळाचं वय राहिलं नव्हतं. नातीने बादलीला धरून उभं राहून आंघोळ केली आणि मलाच भिजवलं. मी हसले. मग आतल्या खोलीत जाऊन साडी बदलताना मला इतका राग आला की कपाटाचं दार आपटलं. हे बाहेरून म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

एका दुपारी बाळ झोपलं होतं. हे ओसरीत पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत होतो. मुलगी उठली. तिने तिचा फोन घेतला, ओट्यावरचा माझा घेतला, दोन्ही नेऊन आतल्या खोलीत उशीखाली ठेवले, दार ओढून घेतलं आणि परत येऊन शेंगा सोलायला बसली. मी बघतच राहिले.

मग ती बोलली. पहिले काही महिने ती बाळाला उचलायची नाही. रडलं की उचलायची, दूध पाजायची, परत ठेवायची. जावई कामावर गेले की तिला घर खायला उठायचं. एकदा बाळाला पलंगाच्या मधोमध ठेवून, चारी बाजूंनी उशा लावून, ती न्हाणीघरात जाऊन बसली आणि नळ सोडला, रडणं ऐकू येऊ नये म्हणून. किती वेळ बसली ते तिला आठवत नाही. तिला स्वतःचीच भीती वाटायची. हळूहळू कमी झालं, आपोआप. आता नाही तसं काही, म्हणाली. ते मला दिसत होतं. बाळ झोपेत हललं तरी तिची मान तिकडे वळत होती.

"मले एका शब्दानं काहून नाही सांगतलं?" माझा आवाज चढला. "मी तुह्यी माय आहो ना? एवढा जीव जळत होता तं फोन करता येत नव्हता?"

तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"त्या दिवशी त्या मानसानं मले फोनवर विचारलं, आई. तुमी आईले असं असं लिवलं, बाळासाठी काई वाटत नाई म्हनून. हे खरं हाय काय? मंग बाळ झाल्यावर त्याले सांभाळनार कोन? मले वाटलं, हो म्हनलं तं हे बाळच घेऊन जातीन. मी म्हनलं, नाई, तसं काईच नाई, सगळं छान हाय. त्यायनं ते लिवून घेतलं. मंग मी तेच म्हनत राह्यली. सगळ्यायले. तुलेही."

हे तिनं मला सांगितलं तोवर वर्ष उलटून गेलं होतं, बाळ चालायला लागलं होतं.